गाईडातला नवरा

त्यानं पिशवीतून आधी चष्म्याचं घर काढलं, मग सुतळीनं बांधलेलं एक पुस्तक काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. सुतळी सोडायची गरजच नव्हती. पिवळंजर्द मुखपृष्ठ, त्यावर लाल अक्षरांत ‘हमखास यश’. माझंच गाईड होतं ते.

“हे तुम्ही लिवलंय का, सर?”

“छे,” मी म्हणालो, “मी गाईडं लिहीत नाही.”

हे उत्तर मला झोपेतसुद्धा देता आलं असतं. कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस दारू पितो हे एक वेळ कबूल करील, पण गाईड लिहितो हे कधीच नाही. वर्गात आम्ही गाईडांना शिव्या घालायच्या आणि सुटीत तीच लिहायची, अशी रीत होती. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव नसायचं. ‘अनुभवी प्राध्यापकांच्या मंडळाने सिद्ध केलेले’ एवढंच छापलेलं असायचं. ते मंडळ म्हणजे मी एकटा, मे महिन्यात बनियनवर टेबलफॅनपुढे बसलेला.

“दुकानदारानं तुमचंच नाव सांगितलं. टाकळकर सर म्हणला,” म्हातारा म्हणाला. “भांडाय न्हाई आलो. तीन एष्ट्या बदलून आलोय. एकच इचारायचंय.”

शनिवारची दुपार होती. कॉलेज सुटलं होतं आणि स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. बाकीचे प्राध्यापक घरी जेवायला गेले होते. माझ्या घरी जेवायला बोलावणारं कुणी नव्हतं, म्हणून शनिवारी मी उगाच तपासणीची कामं काढून बसायचो. म्हातारा सत्तरीचा असेल. धुवट पायजमा, वर इस्त्री मोडलेला पांढरा सदरा. समोरच्या खुर्चीत बसला, पण माझ्याकडे नीट बघेना. मान तिरकी धरून खिडकीकडे बघत बोलत होता. माणूस ताठ्यातला दिसतो, असं मी मनाशी नोंदवलं. वीस वर्षं व्यक्तिरेखा शिकवल्यावर माणूस दिसला की त्याचे स्वभावविशेष आपोआप एक, दोन, तीन असे सुचायला लागतात.

“मी रंगराव इंगवले,” तो म्हणाला. “ह्या पुस्तकात जी गोष्ट हाय, ‘दोन भाकरी झाल्यावर’, ती इंदिरा इंगवलेनं लिवलीय. माझी मालकीण. चार वर्सं झाली जाऊन.”

मग मात्र मी सावरून बसलो. विद्यापीठानं प्रथम वर्षाला लावलेल्या संग्रहात ती कथा होती. लेखिका प्राथमिक शिक्षिका, कृष्णाकाठच्या गावात नोकरी, कधीकाळी एका दिवाळी अंकात ही एक कथा छापून आलेली, यापलीकडे मला तिच्याविषयी काही ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेतलंही नव्हतं. पाठ्यपुस्तकाचे फर्मे, म्हणजे न बांधलेली छापील पानं, मेच्या पहिल्या आठवड्यात यायचे आणि जूनमध्ये कॉलेजं उघडायच्या आत गाईड दुकानात लागलं पाहिजे, असा प्रकाशकाचा दंडक. बारा कथा, आठ कविता, तीन आठवडे. लेखकाच्या घरादाराची चौकशी करत कोण बसणार!

कथा तशी चारच पानांची. एक बाई, तिला नावही नाही. नवरा कामावरून घरी येतो, जेवायला बसतो. सासूनं तिला शिकवलेलं असतं की पुरुषाच्या पोटात दोन भाकरी गेल्याशिवाय त्याला काही सांगू नये. म्हणून ती तिसऱ्या भाकरीची वाट बघते आणि ती तव्यावर पडली की दिवसभराचं सांगायला लागते. तो ‘हं’ म्हणतो. रोज ‘हं’. गोष्टीत एवढंच घडतं.

“माझी नात औंदा तुमच्या ह्या वर्गाला हाय,” इंगवले म्हणाले. “आंगणात फेऱ्या मारत पाठ करत व्हती. मी बाजेवर बसलेलो. तर कानावर आलं, ‘या कथेतील नवरा हा आत्मकेंद्री, शुष्क व संवेदनाहीन आहे.’ म्हटलं, बाळ, कुणाचं वाचतीस? ती म्हणली, आज्जीच्या गोष्टीचं. मी म्हटलं, मग हा नवरा म्हंजी मीच की गं. तर म्हणली, न्हाई आजोबा, तुम्ही न्हवं, ती व्यक्तिरेखा हाय.”

पोरगी चांगली शिकलेली होती. आम्हीच शिकवलं होतं तसं.

“तर सर, तुम्ही शिकलेली माणसं. तुमी ती गोष्ट उलटीपालटी करून वाचलेली. मला एवढंच सांगा, तिच्या मनात मी असाच व्हतो का?”

त्यानं गाईडाची सुतळी सोडली आणि खूण घातलेलं पान काढून माझ्यापुढे सरकवलं. प्रश्न पाचवा : ‘दोन भाकरी झाल्यावर’ या कथेतील नवऱ्याची व्यक्तिरेखा तुमच्या शब्दांत रेखाटा. खाली माझ्या शब्दांत दीड पान उत्तर. त्यातल्या एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती.

“ही ओळ वाचा,” तो म्हणाला. “जरा मोठ्यानं.”

मी वाचली. “‘पत्नी बोलत असताना तो वर्तमानपत्राच्या आड दडून राहतो. वर्तमानपत्र ही जणू त्या दोघांमधील भिंतच आहे. जगाच्या बातम्या वाचणाऱ्या या माणसाला समोर बसलेल्या माणसाची बातमी नाही.’”

वाक्य चांगलं होतं. लिहिलं तेव्हा मी स्वतःवर खूश झाल्याचंही मला आठवत होतं.

“हे गोष्टीत कुठं हाय?” इंगवल्यांनी विचारलं. “मी लई शिकलेला न्हाई. चौथी. अक्षराला अक्षर लावून वाचतो. पर तीनदा वाचली. मला पेपर कुठं घावला न्हाई.”

“असेल,” मी म्हणालो. “तुमच्या नजरेतून सुटला असेल.”

कपाटातून मी संग्रह काढला. आता चारच तर पानं. मी बोट ठेवून ओळ न् ओळ खाली आलो. मग पुन्हा वर गेलो. तिसऱ्यांदा वाचताना माझे कान तापले होते. चूल होती, तवा होता, काटवट होती, पळी होती. दारावरची पाल होती. वर्तमानपत्र नव्हतं. चार पानांत कुठंही नव्हतं.

आणि गंमत इथंच संपत नव्हती. गाईड दुकानात येऊन तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं सात-आठ हजार पोरं परीक्षेत ते वर्तमानपत्र लिहीत होती. शिकवणारे प्राध्यापक तेच गाईड उघडून शिकवत होते. उत्तरपत्रिका तपासायला आम्ही सगळे जमायचो तेव्हा आदर्श उत्तरपत्रिका काढायचं काम ज्येष्ठ म्हणून माझ्याकडं. तिच्यात मीच मुद्दा घातला होता, ‘वर्तमानपत्राचे प्रतीक, दोन गुण’. पन्नास-साठ प्राध्यापकांनी त्यावर टिकमार्क केले आणि एकानंही विचारलं नाही की हे वर्तमानपत्र आलं कुठून. आडात नव्हतं ते आम्ही पोहऱ्यानं उपसत होतो आणि पोरांना पाजत होतो.

“नाही दिसत,” मी म्हणालो. आता ‘मी गाईडं लिहीत नाही’ म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. “चूक झाली, इंगवले. माझीच चूक आहे ती.”

“आमच्या घरात पेपर यायचा त्यो भाकरी गुंडाळाय,” तो म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. “पर त्याचं काय न्हाई. ते ऱ्हाऊ द्या. पेपर सोडून बाकीचं खरं हाय का, ते सांगा. हंऽ म्हणायचो ते खरंच हाय. म्हंजी तिनं लिवलंय ते खोटं न्हाई.”

“मग तुम्हीच सांगा ना. ऐकायचा का नाही तुम्ही तिचं?”

 तो उठला, खुर्ची उचलली, टेबलाला वळसा घालून आला आणि माझ्या डाव्या हाताला, अगदी लागून बसला.

“ह्या बाजूनं बोला,” त्यानं उजव्या कानाला हात लावला. “डावा गेलेला हाय. एकोणीसशे एकाहत्तरपासनं. उजव्याला बी त्याच अंगाचं तेवढं येतंय.”

माझ्या मनातल्या नोंदीतला ‘ताठा’ मी गुपचूप खोडला. माणूस खिडकीकडे बघत नव्हता. उजवा कान माझ्याकडे करून बसला होता.

तो नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपहाऊसवर होता. नदीकाठी खोल विहिरीवर बांधलेली खोली, आत तीन मोटारी. पाळी आठ तासांची आणि उभं राहायची जागा ठरलेली, मोठी मोटार डाव्या अंगाला. आधी डाव्या कानात नुसतं गुणगुणायचं, मग एक दिवस गुणगुणायचंही थांबलं.

“आदी आमचा एक गडी असाच बहिरा झाला व्हता. सायबानं डॉक्टरकडं धाडला आन् आठ दिसात घरी बसवला. पोरं बारकी व्हती माझी. म्या ठरवलं, कुणाला म्हणून सांगायचं न्हाई.”

“बायकोलाही नाही?”

“ती शाळेत चार बायांत बसनार. एखाद्या वख्ताला तोंडातनं जायचं. म्हटलं, जरा दम धरू, मग सांगू. मग सांगायचं ऱ्हाऊनच गेलं.” त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. “आमच्या सैपाकघरात चूल माज्या डाव्या हाताला. ती तितनं बोलायची. चुलीचा आवाज, भाकरी थापायचा आवाज. मला कायच कळायचं न्हाई. थापायचं थांबलं आन् तिनं माज्याकडं बघितलं, की मी म्हणायचो, हं.”

मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

“तर सर, माझं इचारणं एवढंच. तिला ठावं व्हतं का न्हाई? ठावं नसंल, तर ती मेली तवा मला तुमच्या गाईडातला माणूस समजूनच मेली.”

 तो दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघत बसला. आयुष्यात मला विद्यार्थ्यांनी हजारो प्रश्न विचारले होते. आशयसूत्र कोणतं, निवेदनतंत्र कोणतं, शीर्षकाची समर्पकता पटवून द्या. उत्तर चुकलं तर फार तर दोन गुण जायचे. हा पहिला प्रश्न असा होता की ज्याचं उत्तर चुकलं तर एक माणूस तीन एसट्या बदलून तसाच परत जाणार होता.

खोटं बोलावं, असंही मनात आलं. ‘ठाऊक होतं हो तिला’ म्हणून मोकळं व्हावं. पण तो अक्षराला अक्षर लावून वाचणारा माणूस होता. कुठं लिहिलंय, असं त्यानं विचारलंच असतं.

“पुन्हा वाचू या,” मी म्हणालो. “मी वाचतो, तुम्ही ऐका.”

आणि मी त्याच्या उजव्या कानाशी ती गोष्ट पहिल्यापासून वाचायला लागलो. मुद्दे काढायचे नव्हते, गुण द्यायचे नव्हते. एखादी गोष्ट अशी मी किती वर्षांत वाचली नव्हती कोण जाणे. दुसऱ्या पानाच्या मध्यावर मी आलो.

“‘एके दिवशी तिच्या हातून पळी सुटली. शहाबादी फरशीवर ती खणखणत गेली, ताटाजवळ येऊन थांबली. त्याचा घास थांबला नाही. तिनं पळी उचलली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तेवढ्यात दारावर पाल चुकचुकली. त्यानं मान वर केली, दाराकडे बघितलं आणि पुन्हा जेवायला लागला.’”

गाईडात यावर माझा एक स्वतंत्र मुद्दा होता. ‘पत्नीपेक्षा त्याला पाल अधिक महत्त्वाची वाटते. बोचरा उपरोध.’

“थांबा,” मी म्हणालो. “दार कुठल्या हाताला होतं तुमच्या घरात?”

“उजव्या.”

“आणि पळी पडली ती चुलीपाशी.”

“डाव्या अंगाला.” तो माझ्याकडे बघायला लागला. पहिल्यांदाच सरळ बघत होता.

 फरशीवर खणखणलेली पळी ज्याला ऐकू येत नाही आणि दारावरची पाल ज्याला ऐकू येते, तो माणूस दगड कसा असेल? बाईनं दोन ओळी शेजारीशेजारी ठेवल्या होत्या आणि गप्प बसली होती. मी घाईघाईनं शेवटचं पान उलटलं.

“‘त्या दिवशी दोन भाकरी झाल्या. तिसरी तव्यावर पडली. तिनं तोंड उघडलं नाही. भाकरी उतरवली, आपला पाट उचलला आणि चुलीकडे पाठ करून दाराच्या अंगाला जाऊन बसली. त्याच्या ताटात भाकरी घातली. मग पहिल्यापासून सगळं सांगायला लागली. अंधार पडेतो सांगत होती.’”

गोष्ट तिथंच संपत होती. गाईडात मी या शेवटावर पाऊण पान लिहिलं होतं. ‘चुलीकडे पाठ फिरवणे हा पारंपरिक स्त्रीत्वाला दिलेला ठाम नकार होय.’

“ती तशी बसली व्हती,” इंगवले हळूच म्हणाले. “एक दीस उठून ह्या बाजूला येऊन बसली, ती कायमचीच. मग मी म्हटलं, आता हिचं सगळं ऐकू येतंय, झालं, देव पावला. मला वाटलं, तिकडं धूर लागत आसंल डोळ्याला.” त्यानं आपल्या उजव्या अंगाला हात केला. “बावीस वर्सं ती त्या बाजूला बसली, सर. शाळेतनं आली तरी त्याच बाजूला, लग्नाच्या पंगतीत तरी त्याच बाजूला. एकदा बी बोलली न्हाई, की मला कळलंय म्हणून.”

“तिला ठाऊक होतं,” मी म्हणालो. “इथं लिहिलंय.”

“मग सरळ का न्हाई लिवलं? नवरा बहिरा व्हता म्हणून?”

हा प्रश्न मात्र वाङ्मयाचा होता. सूचकता, संयम, न सांगता सांगणं, असले शब्द माझ्या जिभेवर आलेही. पण म्हाताऱ्यानं ते येऊ दिले नाहीत. पुस्तक माझ्या हातातून घेतलं, गोष्टीच्या शेवटी बारीक टायपात छापलेलं साल बोटानं दाबून धरलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

“एकोणऐंशी,” तो म्हणाला. “तवा माझी सर्व्हिस चालू व्हती.”

मला क्षणभर कळलं नाही.

“दिवाळी अंक आमच्या वाचनालयात यायचा, सर. आमचं सायेब वाचायचं. छापून आलं असतं तर दुसऱ्या दिशी डॉक्टरकडं धाडला असता मला.” आणि तो रडायला लागला. मोठ्या माणसांना रडताना आवाजाचं भान राहत नाही, त्याला तर अर्धाच आवाज ऐकू येत होता. रिकाम्या कॉलेजात त्याचं रडणं घुमलं. शिपाई दारात येऊन बघून गेला. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

तो सावरल्यावर मी त्याला म्हणालो, “मी हे सगळं उत्तर बदलतो. नव्या आवृत्तीत खरं काय ते लिहितो. तुम्हाला कुणी दगड म्हणणार नाही आता.”

“न्हाई न्हाई!” त्यानं दोन्ही हात वर केले. “तसं करू नका. तिनं एवढं झाकून ठेवलं आन् तुम्ही उघडं करणार व्हय? मी दगड तर दगड. पोरास्नी दोन मार्क मिळत्यात, मिळू द्या.”

“अहो, पण तुम्ही आता निवृत्त झालात. आता काय बिघडतं?”

“माझं काय बिघडतंय? पर तिची गोष्ट हाय ती.” त्यानं गाईडाला पुन्हा सुतळी गुंडाळली, गाठ मारली. “तेवढा पेपर काढा मात्र. आमच्या घरात न्हवता ते कशाला?”

त्याला स्टँडवर सोडायला मी बरोबर गेलो. चालताना तो आपोआप माझ्या डाव्या हाताला आला. एसटी लागली. पायरीवर एक पाय ठेवून तो मागं वळला.

“सर, एक इचारू? राग मानू नका. गोष्टीत न्हाई, आमच्या घरात न्हाई. मग त्यो पेपर आला कुनाच्या घरातनं?”

मी काहीतरी बोललो. गाडीत गर्दी होती, कंडक्टर ओरडत होता, त्यामुळे काय बोललो ते त्याला ऐकू गेलं नसणार.

त्या नवऱ्याचं उत्तर मी ज्या उन्हाळ्यात लिहिलं, त्याच उन्हाळ्यात माझी बायको नलिनी घर सोडून गेली होती. घर सोडून म्हणजे भांडून नव्हे. ती भूमी अभिलेख खात्यात होती, बढती मिळाली, बदली रत्नागिरीला झाली आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दोन ट्रंका घेऊन ती गेली. आम्हाला मूल नव्हतं. सणावाराला ती यायची, पाव्हण्यासारखी राहायची. तिच्या जाण्यात मला एकच गोष्ट खुपत होती, ती मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगून झाली होती. बाईनं नवऱ्याला न विचारता बढती घेतली. एका शब्दानं विचारलं नाही. सहकारी च्यक् च्यक् करायचे आणि मला बरं वाटायचं.

त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आलो. सकाळचा पेपर टेबलावर, जिथं ताट ठेवायची जागा, तिथंच पसरलेला होता. मी एकटा होतो तरी जेवताना तो समोर धरायचो. सवयच ती. डबा देणाऱ्या कुलकर्णीबाईंनी तो दारात ठेवलेला होता. मी डबा उघडला, पेपरकडे बघितलं आणि जेवण जाईना. चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो. नलिनीच्या घरमालकिणीकडे फोन होता. त्यांनी हाक मारून तिला बोलावलं.

“काय हो? बरं आहे ना सगळं?” तिला दम लागला होता. सणवार नसताना मी फोन करत नसे.

“बरं आहे. एक विचारायचं होतं. तू ती बढती घेतलीस, तेव्हा मला विचारलं का नाहीस?”

पलीकडे घरमालकिणीच्या रेडिओवर कोकणी गाणं लागलं होतं.

“हे विचारायला फोन केलात? तीन वर्षांनी?”

“सांग ना.”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगत होती. “पहिल्यांदा संक्रांतीला विचारलं. जाऊ का म्हटलं, तुम्ही हं म्हणालात. मग वाटलं, नीट ऐकलं नसेल, म्हणून पुन्हा आठ दिवसांनी विचारलं. तिसऱ्यांदा तर संमतीचा अर्जच आणून तुमच्या ताटाशेजारी ठेवला. म्हटलं, तुम्ही नको म्हणालात तर फाडून टाकते.”

“मग?”

“तुम्ही पेपराचं पान उलटलंत. त्याला जागा हवी म्हणून आमटीची वाटी उचललीत आणि त्या अर्जावर ठेवलीत. आणि म्हणालात, हं.”

मला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. वाटी नाही, अर्ज नाही, तिचा आवाज नाही. माझे दोन्ही कान शाबूत होते.

“वाटीचा गोल डाग पडला होता,” ती म्हणाली. “मी तसाच दिला तो अर्ज. साहेब हसले.”

पुढे मी नव्या आवृत्तीतून तो पेपर काढला. प्रकाशकानं कुरकुर केली, एवढा चांगला मुद्दा का काढता म्हणून. पण जुन्या वह्या, जुन्या नोट्स पोरांच्या हातोहात फिरतच होत्या. कथा अभ्यासक्रमातून जाईपर्यंत उत्तरपत्रिकांत तो पेपर येत राहिला आणि मी त्याला दोन गुण देत राहिलो. नलिनी रत्नागिरीतच निवृत्त झाली आणि तिथंच राहिली. आता या गोष्टीला चोवीस वर्षं होतील. गाईडं मी सोडली आणि पेपर बंद केला. जेवताना समोरच्या भिंतीकडे बघतो.

पण त्या संध्याकाळी बूथमध्ये उभा असताना मला वाटलं होतं, अजून वेळ गेलेली नाही. रिसीव्हर मी दोन्ही हातांनी धरला होता. काचेबाहेर दोघं-तिघं ताटकळत उभे होते, एकानं काचेवर टकटक केली. मी त्याच्याकडे पाठ केली.

“नलिनी,” मी म्हणालो, “अजून सांग. मला सगळं पहिल्यापासून सांग. मी ऐकतोय.”

ती इतका वेळ काही बोलली नाही की मला वाटलं, लाईन तुटली.

“हं,” ती म्हणाली.